पाऊस बाहेरचा आणि आतला

माझा धंदा शिवणाचा, पण ब्लाउज-ड्रेसचा नव्हे. सॅक, तंबू, स्लीपिंग बॅगा, पॉन्चो असलं डोंगरात जाणाऱ्यांचं सामान मी पुण्यात दुरुस्त करते. पावसाळा सरत आला की ओल्या कापडाचा कुबट वास आणि तक्रारी दुकानात एकदमच शिरतात. अलीकडे या ढिगात एक वस्तू वाढली आहे, ती म्हणजे बिव्ही. स्लीपिंग बॅगेवर चढवायची, पाणी अडवणारी खोळ. तिला तंबूसारखे खांब नसतात. असलीच तर तोंडाशी एक लवचिक कमान असते. दोन माणसांचा बरा तंबू दीड ते अडीच किलो भरतो, तर साधी बिव्ही अर्ध्या किलोच्या आसपास. सॅक हलकी करण्याच्या नादात असलेली तरुण मंडळी तिच्यावर खूश असतात, ते पहिल्या मुक्कामापर्यंत.

मग ती माझ्याकडे येते. "ताई, वॉटरप्रूफ म्हणून घेतली आणि सकाळी आत पाणी! कुठंतरी गळतेय, बघा ना." मी ती उलटी करून टांगते, दोन तांबे पाणी ओतते आणि चहा घेऊन येते. बहुतेक वेळा खाली फरशी कोरडी ठणठणीत असते. कापड निर्दोष, शिवण निर्दोष. गिऱ्हाईक भिजलेलं असतं ते स्वतःच्याच वाफेनं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते. बाहेरचं पाणी आत येतं का, हा निम्मा प्रश्न झाला. आतलं पाणी बाहेर जातं का, हा उरलेला निम्मा. आणि त्याचं उत्तर लेबलावर मिळत नाही. तुम्ही कुठल्या डोंगरात, कुठल्या महिन्यात झोपणार आहात, यावर ते ठरतं.

वारा आधी अडवा

ही कल्पना जुनी आहे. ऑस्ट्रियात माथियास झ्डार्स्की नावाचा स्कीइंगचा आद्य गुरू होऊन गेला. त्यानं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बिनखांबाची एक पिशवी वापरात आणली. वादळात सापडलं की ती डोक्यावरून ओढून घ्यायची आणि आत बसून राहायचं. जर्मन बोलणारे गिर्यारोहक तसल्या पिशवीला आजही त्याच्याच नावानं ओळखतात.

असल्या पिशवीचं खरं काम काय, हे दोन गाजलेल्या रात्रींवरून कळतं. 1953 साली हर्मान बूल नंगा पर्बतच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचला, तोही एकटा. उतरताना अंधार पडला आणि 8,000 मीटरच्या आसपास खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर त्यानं रात्र उभ्यानं काढली. पायाची बोटं हिमदंशानं गेली. जीव वाचला, कारण त्या रात्री वारा पडलेला होता. 1975 साली डग स्कॉट आणि डूगल हॅस्टन एव्हरेस्टची नैर्ऋत्य भिंत चढून माथ्यावर गेले आणि परतताना दक्षिण शिखरापाशी अडकले. जवळ स्लीपिंग बॅग नव्हती, प्राणवायूही संपलेला. त्यांनी बर्फात खड्डा खणला आणि रात्रभर आत बसून राहिले. दोघंही हिमदंशाशिवाय खाली आले. बर्फाच्या भिंतींनी त्यांना ऊब दिली नाही, फक्त वारा अडवला. बिव्हीही तेवढंच करते. ऊब देणारी वस्तू वेगळी, तुमची स्लीपिंग बॅग आणि खालची कॅरीमॅट.

आपल्या मुलखातही बिनखांबाचे निवारे होतेच. भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवरचं इरलं घ्या. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते छप्पर डोक्यावरून पाठीवर उतरतं, पण खालून आणि पुढून सगळं मोकळं. पाऊस वरच्या वर ओघळतो आणि घामाची वाफ खालून निघून जाते. धनगराच्या घोंगडीचीही तीच अक्कल. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा वाफ पिऊन घेते तरी अंगाला ओली लागत नाही. मावळातल्या किंवा कोकणातल्या पावसात बंद पिशवीचा विचार कुणी केला नाही, याला कारण आहे. त्या कारणाकडे येतेच.

लेबलावरचे आकडे

कापडाची पाणी अडवण्याची ताकद मिलिमीटरमध्ये सांगतात. कापड ताणून त्याच्यावर पाण्याचा उभा स्तंभ चढवायचा. किती उंचीला खालून थेंब फुटतात, तो आकडा. 1,500 मिलिमीटर म्हणजे दीड मीटर पाण्याचा भार, चौरस सेंटिमीटरला 150 ग्रॅम. अंगावर पडणाऱ्या पावसाला एवढं सहसा पुरतं.

तळाचं गणित वेगळं. ओल्या जमिनीवर कुशीवर वळताना कोपरावर पाच किलो भार आला आणि तो दहा चौरस सेंटिमीटरवर पेलला गेला, तर दाब झाला चौरस सेंटिमीटरला 500 ग्रॅम. म्हणजे 5,000 मिलिमीटर. वरच्या कापडाला 1,500 चा आकडा चालेल, पण तळाला तोच लिहिला असेल तर कोपर आणि गुडघ्याखाली ओल फुटणार हे धरून चाला. दुकानदार मोठा आकडा सांगतो तेव्हा विचारा, "हा वरचा की खालचा?"

आता वाफेकडे वळू. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रीच्या आठ तासांत साधारण पाव लिटर पाणी वाफ होऊन निघतं. घाम यात धरलेलाच नाही. तंबूत ही वाफ हवेत पसरते. बिव्हीत ती कापडापासून चार बोटांवर असते. कापड गार असलं की तिथंच तिचे थेंब होतात, आणि ते थेंब स्लीपिंग बॅगेत उतरतात.

यावर उपाय म्हणून वाफ सोडणारं कापड आलं. 1969 साली अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून बघत होता आणि त्या तुटत होत्या. वैतागून त्यानं एक कांडी झटक्यात ओढली, तर ती तुटायच्या ऐवजी कितीतरी पट लांब झाली. त्या ताणलेल्या टेफ्लॉनमध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रं होती, पाण्याच्या थेंबाला फार लहान आणि वाफेच्या कणाला भरपूर मोठी. गोर-टेक्स ते हेच. आज अशा पडद्याची, वेगवेगळ्या कंपन्यांची कापडं मिळतात. सगळ्यांची रचना साधारण सारखीच. बाहेर नायलॉनचा थर, त्याच्यावर पाणी ओघळून जावं म्हणून लावलेला लेप, आणि आतून हा पडदा.

सह्याद्रीत पडदा का थकतो?

पडदा वाफेला स्वतः ढकलत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर जाते. ढोबळ हिशेब मांडते. अंगालगतची 33 अंशांची ओली हवा धरली, तर तिच्यातल्या वाफेचा दाब सुमारे 50 मिलिबार. जानेवारीत किल्ल्याच्या माथ्यावर रात्री 10 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरचा दाब सात-साडेसात मिलिबार. फरक चाळीसच्या वर. जुलैत तिथंच 22 अंश आणि शंभर टक्के आर्द्रता असते. बाहेरचा दाब 26 मिलिबार, फरक उरला 24. वाफेला बाहेर काढणारा जोर जवळजवळ निम्म्यावर आला.

त्यात भर पावसाची. बाहेरच्या नायलॉनवरचा लेप नवा असतो तोवर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. धूळ, अंगाचं तेल, खडकावरचं घासणं यांनी तो झिजला की नायलॉन पाणी पितं आणि पडद्यावर पाण्याची सलग चादर बसते. मग जी काही वाफ निघायची तीही अडते. त्यात हे लेप ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे असत, ती निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून आता मागे पडत चालली आहेत. नवे लेप पर्यावरणाला बरे, पण तेलाच्या डागांपुढे कच्चे. त्यांना वारंवार धुवून पुन्हा लावावं लागतं.

थोडक्यात, आल्प्ससाठी बनवलेली महागडी बिव्ही हरिश्चंद्रगडावर जुलैत वापरली, तर ती पॉलिथिनच्या पिशवीपेक्षा फार बरी वागणार नाही. यात कंपनीचा दोष नाही. आपली हवाच तशी आहे.

डोंगर कोणता, महिना कोणता?

सह्याद्रीत ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हे बिव्हीचे दिवस. पाऊस नाही, पण दव असं पडतं की उघड्यावरची स्लीपिंग बॅग पहाटे पिळावी लागेल. इथं पूर्ण वॉटरप्रूफ पिशवीची गरजच नाही. वर दवापुरतं पाणी झटकणारं, हवा खेळू देणारं पातळ नायलॉन, खाली पक्का तळ आणि तोंडाशी बारीक जाळी. अशी बिव्ही 200 ते 300 ग्रॅममध्ये बसते. जाळी डासांसाठी आहे असं लोकांना वाटतं. मी ती फुरसं आणि विंचू यांच्यासाठी मोजते. दगडगोट्यांच्या पठारावर रात्री चेन पूर्ण लागलेली असली की झोप बरी लागते.

जून ते सप्टेंबर ठरवून मुक्काम करायचा असेल तर गावातली पडवी, देवळाची ओसरी किंवा गडावरची गुहा बघा. ते नसेल तर हलकी ताडपत्री. सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनची तीन बाय दोन मीटरची ताडपत्री दोऱ्यांसकट 400 ग्रॅमच्या आसपास भरते. ती इरल्याच्याच तत्त्वानं चालते, वरून बंद आणि बाजूनं मोकळी. गुहेतल्या ठिबकणाऱ्या छतासाठी आणि ओल्या फरशीसाठी बिव्ही उपयोगी पडते, पण तोंड उघडं ठेवून.

हिमालयात, 4,000 मीटरच्या आसपास, मुक्कामासाठी तंबू न्या. बिव्ही असावी ती खिंड ओलांडण्याच्या किंवा शिखराच्या दिवशी सॅकमध्ये, अडकलो तर म्हणून. तिथं पडद्याचं कापड आणि तोंडाशी कमान असलेली पिशवी पैसे वसूल करते. वजन कमानीसकट 700 ग्रॅम ते एक किलो. मात्र कडाक्याच्या थंडीत वाफ कापडापर्यंत पोचता पोचता गोठते. सकाळी पिशवी उलटी करून आतलं हिम झटकायचं आणि ऊन मिळालं की दहा मिनिटं पसरायची. पिसांची स्लीपिंग बॅग असेल तर हे रोज करावं लागतं. भिजलेली पिसं गोळा होतात आणि ऊब धरत नाहीत.

दुकानात काय बघाल?

आधी माप. स्लीपिंग बॅगेसकट आत शिरा, भले दुकानदार हसला तरी. बिव्ही खांद्यापाशी किंवा पावलांपाशी घट्ट झाली की बॅगेतली फुगलेली हवा दाबली जाते आणि नेमक्या त्या जागी थंडी वाजते. फुगवायची मॅट आत घालणार असाल तर आणखी घेर लागतो.

मग शिवण. सुई जिथून गेली तिथं भोक आहे, मग कापड कितीही भारी असो. आतल्या बाजूनं प्रत्येक टिपेवर पट्टी चिकटवलेली हवी. कोपऱ्यात जिथं तीन शिवणी एकत्र येतात तिथं नखानं हलकेच उचकटून बघा. पट्टी पहिल्यांदा तिथंच सुटते. सिलिकॉनच्या कापडावर नेहमीची पट्टी चिकटत नाही, त्याला शिवणीवर सिलिकॉनचा थरच लावावा लागतो. तो लावलाय की तुम्हाला लावायचाय, हे विचारून घ्या.

चेन कुठून कुठवर आहे, हेही बघा. आडवी अर्धी चेन हलकी आणि कमी गळणारी. पण त्या पिशवीत शिरणं म्हणजे पोत्यात शिरणं. बाजूनं लांब चेन असली की बाहेर पडणं सोपं. रनर आतून आणि बाहेरून दोन्हीकडून ओढता आला पाहिजे. रात्री घाबरून उठलेल्या माणसाला बाहेरचा रनर सापडत नाही. झाकणाची पट्टी चेनमध्ये अडकते का, हे दहा वेळा उघडझाप करून बघा. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बिव्हींत फाटलेल्या कापडापेक्षा अडकून तुटलेले रनर जास्त असतात. चेनवर अधूनमधून मेणबत्ती घासली तर निम्मे वाचतील.

रंगाचा विचार काम बघून करा. रोजच्या मुक्कामासाठी कुठलाही चालेल. अडीअडचणीसाठी घेणार असाल तर भगवा, लाल, पिवळा. कारवीच्या रानात हिरवी पिशवी शोधणाऱ्याला दहा पावलांवरून दिसत नाही.

वाफेची परीक्षा घरी करता येते. पेल्यात गरम पाणी घ्या, तोंडावर बिव्हीचं कापड सैलसर बांधा, आतली बाजू खाली, आणि वर स्टीलची गार ताटली धरा. थोड्या वेळात ताटलीवर दव धरलं तर कापड वाफ सोडतं. फुंकर मारून बघण्यात अर्थ नाही. हवा न सोडणारं कापडही वाफ सोडू शकतं. आणि पहिला पाऊस गच्चीवर घ्या. भिजलात तर जिना उतरून घरात येता येतं.

अडकलात तर

मुक्काम ठरलेला नसतो, तरी रात्र डोंगरात काढावी लागते. वाट चुकते, कुणाचा पाय मुरगळतो, ओढ्याला पाणी येतं. अशा वेळेसाठीची पिशवी वेगळी. प्लास्टिकच्या पातळ पटलावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला कागद 1964 च्या सुमारास नासाच्या अवकाश कार्यक्रमासाठी तयार झाला. त्याचीच पिशवी आज 100-125 ग्रॅमला मिळते, मुठीत मावते. शरीरातून किरणांनी निघणारी उष्णता ती बरीचशी परत फिरवते, पण मोठा फायदा वारा आणि बाष्पीभवन थांबण्याचा. चादरीसारखी मिळते ती नको. वाऱ्यात तिचं टोक हातात राहत नाही. पिशवीच घ्या. खुळखुळणाऱ्या चांदीच्या कागदापेक्षा जरा जाड पॉलिथिनची निवडा, ती खडकावर चटकन चिरत नाही.

सह्याद्रीत थंडीनं कोण मरतो, असं म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो, आणि त्याला बर्फ लागत नाही. पाणी स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं उष्णता ओढून नेतं. भिजलेले कपडे, कड्यावरचा वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. माणूस आधी कुडकुडतो, मग त्याची जीभ अडखळते, हातातली वस्तू सुटते. जीभ अडखळण्याची वाट न बघता पिशवी काढा.

आधी जागा. ओढ्याचं पात्र, घळ, नाळ, दगड पडतात अशा कड्याचा पायथा, यातलं काही नको. वाऱ्याच्या आडोशाला बसा. कोरडे कपडे असतील तर बदला; नसतील तर ओल्यासकट पिशवीत शिरा, निदान वारा तरी लागणार नाही. ढुंगणाखाली कॅरीमॅट, दोर, रिकामी सॅक, जे असेल ते घाला. जमीन हवेपेक्षा जास्त ऊब खाते. तोंड बाहेर ठेवा. या पिशवीतून हवा जात नाही, शिवाय श्वासाची वाफ आत सोडणं म्हणजे स्वतःला पुन्हा भिजवणं. आत स्टोव्ह किंवा मेणबत्ती कधीच पेटवू नका. गुहेत शेकोटी करण्याआधीही वर बघा. आग्या मोहोळ धुरानं उठतं.

शिट्टी सॅकच्या पट्ट्यालाच बांधलेली असावी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा सहा, ही जगभरच्या डोंगरांत ओळखली जाणारी हाक आहे. उत्तर येतं ते मिनिटाला तीनचं. फोन लागत असेल तर 112, आणि खालच्या गावातला ओळखीचा माणूस. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं स्वेच्छेनं रात्री-अपरात्री निघतात. पण ती पोचेपर्यंतचे तास तुमचे तुम्हालाच काढायचे असतात.

गटानं जाणाऱ्यांसाठी मी झ्डार्स्कीच्या पिशवीची मोठी बहीण शिवते. चौकोनी, बिनतळाची, भगव्या नायलॉनची. चार-पाच जणांनी डोक्यावरून ओढायची, कड ढुंगणाखाली दाबायची आणि गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. हवेसाठी वर नळीसारखं तोंड ठेवलेलं असतं. चौघांपुरती अर्ध्या किलोत होते. पाच मिनिटांत आत ऊब येते, आणि घाबरलेल्या माणसाला शेजारी माणसं मिळतात. एकेकट्याच्या चार पिशव्यांत हे होत नाही.

घरी आणल्यावर

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्या जुन्या सामानाची एक ठरावीक तऱ्हा आहे. पिशवी उघडली की उलटीसारखा वास आणि आतला लेप हाताला चिकटतो. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत पाण्याशी विक्रिया होऊन तुटत जातो. एकदा चिकट झाला की तो दुरुस्त होत नाही. मी पैसे न घेता परत देते. म्हणून ट्रेकहून आल्यावर बिव्ही सावलीत, पंख्याखाली, आतून-बाहेरून वाळवा आणि तिच्या घट्ट आवरणात न कोंबता सैल सुती पिशवीत ठेवा. माळ्यावर नको, पत्र्याखाली तर नकोच. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण. कपडे मऊ करणारं द्रावण आणि इस्त्री दोन्ही टाळा.

कुणी विचारलं की आधी काय घेऊ, तर माझा क्रम ठरलेला आहे. पहिली ती शंभर ग्रॅमची भगवी पिशवी, कळसूबाईला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणार असलात तरी. दुसरी ताडपत्री, कारण आपल्याकडे वर्षातले चार महिने पावसाचे. हवा खेळणारी हलकी बिव्ही तिसरी, हिवाळ्यातल्या मुक्कामांसाठी. आणि पडद्याची महागडी बिव्ही हिमालयाचं तिकीट हातात पडल्यावर. पहिली मात्र सॅकच्या वरच्या खणात, हेडटॉर्चशेजारी ठेवा. अंधारात, बधिर झालेल्या बोटांनी ती सगळं सामान न उपसता सापडली पाहिजे.